तीस हजारांत डेस्कटॉप: सुट्या भागांच्या जुळवाजुळवीच्या नोंदी

२ मे २०२४, गुरुवार, अमळनेर

धाकटी बहीण सिव्हिलचा डिप्लोमा करते. जूनपासून तिला घरी ऑटोकॅड (ड्रॉइंगचं सॉफ्टवेअर) लागणार. आतापर्यंत ती मैत्रिणीच्या लॅपटॉपवर रात्री साडेनऊपर्यंत बसून ड्रॉइंग पूर्ण करून यायची. आप्पांनी मक्याच्या पैशांतून ३०,००० बाजूला काढले आणि म्हणाले, यात काय बसतं ते तू बघ. मी याआधी जुन्या संगणकांत रॅम आणि हार्ड डिस्क बदलली आहे. सगळे भाग स्वतः निवडून जोडायची ही पहिलीच वेळ. आपल्याकडच्या दुसऱ्या कुणाला हे करायचं असेल तर उपयोग होईल, म्हणून चुका आणि पैसे दोन्ही लिहून ठेवतो आहे.

आजचा दिवस प्रोसेसरमध्ये गेला. इंटेलचा आय३-१२१००एफ स्वस्त दिसला आणि मी तो जवळजवळ नक्की केला होता. साध्या १२१०० पेक्षा हा अडीच-तीन हजारांनी कमी का, हे शोधलं तेव्हा कळलं की शेवटच्या ‘एफ’चा अर्थ त्यात ग्राफिक्स नाही. म्हणजे वेगळं ग्राफिक्स कार्ड घेतल्याशिवाय पडद्यावर काहीच दिसणार नाही. कार्ड आपल्या हिशेबात बसत नाही. एएमडीच्या बाजूला रायझन ५ ५६००जी आहे: सहा कोर, बारा थ्रेड, आत व्हेगा ग्राफिक्स, ६५ वॅट, आणि पंखा खोक्यातच. तिथेही तोच सापळा आहे. नुसता ५६०० घेतला तर त्यात ग्राफिक्स नसतं, ‘जी’ असायलाच हवा. ५६००जी ठरला.

४ मे, शनिवार

वहीच्या एका पानावर प्रत्येक भाग लिहिला आणि तो कुणाकुणाला चिकटतो त्या रेषा ओढल्या. प्रोसेसरची रेष मदरबोर्डच्या सॉकेटकडे (प्रोसेसर बसतो ती जागा): एएम४. मदरबोर्डची रॅमकडे: डीडीआर४, म्हणजे रॅमची चौथी पिढी. डीडीआर५ ची खाच वेगळ्या जागी असते, ती पट्टी यात बसतच नाही. मदरबोर्डची एसएसडीकडे (फाइली साठवणारा भाग): एम.२ नावाच्या खाचेत बसणारी, एनव्हीएमई जातीची. इथे एक बचत झाली. ५६००जी पीसीआयई ३.० पर्यंतच (भागांमधल्या जोडणीची तिसरी पिढी, जेन ३) चालतो, त्यामुळे जेन ४ ची महागडी एसएसडी घेऊन वेग मिळणार नाही. जेन ३ ची ५०० जीबी पुरे.

एसएमपीएसवर, म्हणजे सगळ्या भागांना वीज देणाऱ्या डब्यावर, मी मुद्दाम अडून बसलो. कॅबिनेटसोबत फुकट येणारी एसएमपीएस बरेच जण वापरतात. तिच्यावर ४५० वॅट छापलेलं असतं, पण वजन हातात घेतलं की कळतं. आमच्याकडे संध्याकाळी पंप सुरू झाले की दिवे मंद होतात आणि पंप बंद झाले की भपकन उजळतात. अशा लाइटवर वर्षभर चालणाऱ्या यंत्राचं मूळच हलकं घ्यायचं नाही. ८० प्लस ब्राँझ (वीज कमी वाया घालवणाऱ्या एसएमपीएसवरचा शिक्का), ४५० वॅट, बिलासकट. यासाठी कॅबिनेटची काच आणि रंगीत दिवे गेले तरी चालतील.

७ मे, मंगळवार

सकाळच्या गाडीने जळगाव. गोलाणी मार्केटात नऊ दुकानं फिरलो. भाव विचारताना पहिला प्रश्न हाच करा: बिलासकट का? बिनबिलाचा भाव कमी सांगतात, कारण १८ टक्के जीएसटी त्यात नसतो. पण बिल नसेल तर वॉरंटीला कुणी दारात उभं करत नाही. प्रोसेसर खोक्यातलाच घ्या. सुटा, म्हणजे ट्रेमधला, हजारभर कमी पडतो, पण त्यात पंखा नसतो आणि खोक्यावर मिळणारी तीन वर्षांची वॉरंटीही नसते.

घेतलं ते असं: प्रोसेसर १२,४००, ८ जीबीच्या ३२०० वेगाच्या दोन पट्ट्या मिळून ३,५००, एसएसडी ३,१००, एसएमपीएस ३,०५०, तोंडाला जाळी असलेलं कॅबिनेट २,३००, कीबोर्ड-माउस ७५०.

मदरबोर्डपाशी मी वहीतल्या पानापासून घसरलो. नवा ए५२० बोर्ड ४,९०० ला मिळत होता. एका दुरुस्तीच्या दुकानात बी४५० चा वापरलेला बोर्ड ३,२०० ला दिसला. चार रॅमच्या खाचा, वरच्या वर्गाचा चिपसेट (बोर्डाची मुख्य चिप, ए५२० आणि बी४५० ही तिचीच नावं) आणि १,७०० कमी. सॉकेट एएम४ आहे हे पाहिलं आणि पैसे दिले. पंख्याचे स्क्रू धरणारी पाठीमागची पट्टी, पोर्टच्या भोवतीचा पत्रा, बायोसची (बोर्डाच्या चिपमधला, संगणक सुरू करणारा प्रोग्रॅम) आवृत्ती, यांपैकी काहीच विचारलं नाही.

१० मे, शुक्रवार, आखाजी (अक्षय्य तृतीया)

काम बंद. ताई माहेरी आली. दाजींचं नेट कॅफे कधीच बंद झालं, तिथला साडेअठरा इंची मॉनिटर तिने गोधडीत गुंडाळून एसटीने आणला. मॉनिटरचे पैसे वाचले म्हणून घरात सगळ्यांना आनंद. दुपारी आमरस आणि मांडे खाऊन मी मॉनिटर उलटा केला. मागे फक्त व्हीजीए, म्हणजे जुन्या पद्धतीचा ॲनालॉग पोर्ट. बोर्डावर एचडीएमआय आणि डीव्हीआय-डी आहे, व्हीजीए नाही.

११ मे, शनिवार

गावातून डीव्हीआयचं व्हीजीए करणारा तुकडा आणला, १३० रुपये. बसला नाही. डीव्हीआय-डी मध्ये सपाट पिनेभोवतीच्या चार पिनांची भोकंच नसतात, कारण तो पोर्ट ॲनालॉग सिग्नल देतच नाही. हे १३० पाण्यात गेले. लागतो तो एचडीएमआयचं व्हीजीए करणारा, आत चिप असलेला कन्व्हर्टर. गावात कुणाकडे नव्हता.

संध्याकाळी प्रोसेसर बसवला. प्रोसेसरच्या कोपऱ्यावरचा सोनेरी त्रिकोण सॉकेटच्या त्रिकोणाशी जुळवायचा, लिव्हर उघडी ठेवायची आणि वरून जोर अजिबात द्यायचा नाही. तो स्वतःच्या वजनाने खाली जातो. एएम४ मध्ये पिना प्रोसेसरला असतात, एक वाकली की १२,४०० अडकले.

मग पंखा. खोक्यातला हा पंखा चार स्क्रूंनी बसतो आणि ते स्क्रू बोर्डाच्या पाठीमागच्या लोखंडी पट्टीत जातात. बोर्ड उलटा केला तर पट्टी नाही. आधीच्या मालकाने दुसरा पंखा लावताना ती काढली असावी. काम थांबलं. नव्या बोर्डावर ही पट्टी असते, पण तिथेही एक लक्षात ठेवा: वरचे प्लास्टिकचे दोन ब्रॅकेट काढले की पट्टी मागे मोकळी होऊन पडते. म्हणून पंखा बोर्ड कॅबिनेटमध्ये घालण्याआधीच, टेबलावर, एका हाताने पट्टी धरून बसवायचा.

१३ मे, सोमवार

मतदान. बाजार बंद.

१४ मे, मंगळवार

दुसरी फेरी. बोर्ड विकणाऱ्याकडे पट्टी नव्हती, आणि दिला तेव्हा पूर्ण होता असं त्याचं म्हणणं. वाद घालण्यात अर्धा तास गेला, हाती काही आलं नाही. दुसऱ्या दुकानदाराने मेलेल्या एएम४ बोर्डावरून काढून २०० रुपयांत दिली. एएम४ ची पट्टी सगळ्या बोर्डांना सारखीच, त्यामुळे कंपनी जुळवायची गरज नाही. एचडीएमआय ते व्हीजीए कन्व्हर्टर ३५०. बायोसची सेटिंग आठवणीत ठेवणारी नाण्याएवढी बॅटरी जुनी दिसली म्हणून सीआर२०३२ नवी घेतली, ४० रुपये.

१५ मे, बुधवार

सकाळी सहाला बसलो, दहानंतर पत्र्याच्या खोलीत बसवत नाही.

कॅबिनेटमध्ये पितळी स्टँडऑफ (बोर्ड पत्र्यापासून वर धरणारे छोटे खुंट) आधीच लावलेले होते, पण ते मोठ्या बोर्डाच्या मापाने. छोट्या बोर्डाला एक जास्तीचा होता आणि तो बोर्डाच्या पाठीला टेकला असता. तो काढला. प्रत्येकाने बोर्ड ठेवण्याआधी भोकं आणि स्टँडऑफ मोजावेत, कारण तिथे शॉर्ट झालं तर कारण सापडायला आठवडा जातो.

वायरींत अडचण आली. एसएमपीएस कॅबिनेटच्या तळाशी बसते आणि प्रोसेसरची आठ पिनांची वायर बोर्डाच्या वरच्या डाव्या कोपऱ्यात लागते. पाठीमागून फिरवली तर चार बोटं कमी. वहीतल्या पानावर सगळ्या रेषा होत्या, या वायरीच्या लांबीची नव्हती. स्वस्त एसएमपीएसमध्ये वायर आखूड असते आणि तळाशी एसएमपीएस असलेल्या कॅबिनेटला ती पुरत नाही. खरेदीआधी वायरीची लांबी वाचा. एक्स्टेंशन मागवलं, ३८० रुपये. तोवर वायर बोर्डाच्या पुढून, पंख्याला लागणार नाही अशी, तिरकी नेली. ग्राफिक्स कार्डाची आठ पिनांची वायर इथे लावायचा मोह होतो. ती वेगळी असते, जोर लावून घालू नका.

साडेनऊला बटण दाबलं. पंखे फिरले, दिवे लागले. पडदा काळा.

माय दारात उभी होती. ‘हाऊ डबा कव्हय चालू व्हई रे भाऊ?’ मला उत्तर देता आलं नाही.

१६ मे, गुरुवार

दिवसभर एकेक शंका काढून टाकली. क्रम लिहितो, कारण काळा पडदा प्रत्येकाच्या वाट्याला येतो.

कन्व्हर्टर आणि मॉनिटर: संगणक खाली नेऊन सरळ टीव्हीला एचडीएमआयने जोडला. काळाच. म्हणजे हे दोघे सुटले. रॅम: एकच पट्टी, मग दुसरी, मग वेगळ्या खाचेत. फरक नाही. नवी बॅटरी काढून दहा मिनिटांनी परत लावली. फरक नाही. आठ पिनांची वायर पुन्हा काढून घट्ट बसवली. नाही. प्रोसेसर काढून पिना मोबाइलच्या उजेडात ओळीने पाहिल्या. सरळ आहेत.

दुपारी तीनला बोर्डाच्या कडेचे चार बारीक दिवे नीट पाहिले. प्रोसेसर, रॅम, ग्राफिक्स आणि बूट असे ते असतात. त्यातला प्रोसेसरचा लाल दिवा जळत राहत होता. हे काल पाहिलं असतं तर अर्धा दिवस वाचला असता. मग बोर्डावरच्या छोट्या चिपचं स्टिकर वाचलं आणि कंपनीच्या यादीत तो बोर्ड काढला. यादीत ५६००जी आहे, पण समोर लिहिलं आहे की अमुक आवृत्तीपासून पुढच्या बायोसवरच. स्टिकरवरची आवृत्ती त्याच्या कितीतरी मागची. बी४५० बाजारात आला २०१८ मध्ये, ५६००जी आला २०२१ मध्ये. बोर्डाला हा प्रोसेसर माहीतच नाही. सॉकेट जुळलं, पिना जुळल्या, आणि तरी ओळख नाही.

अवघड भाग असा की बायोस बदलायला संगणक सुरू व्हावा लागतो आणि सुरू व्हायला बायोस बदलावा लागतो. काही बोर्डांवर प्रोसेसरशिवाय पेन ड्राइव्हवरून बायोस भरायचं बटण असतं. माझ्या बोर्डावर नाही. तेव्हा जुना प्रोसेसर असलेलं दुकान शोधणं एवढंच उरलं. चार फोन केले, जळगावात एकाकडे रायझन ३ २२००जी निघाला.

१८ मे, शनिवार

तिसरी फेरी. बोर्ड ज्या पिशवीत आला होता त्याच चंदेरी पिशवीत, वर टॉवेल, मांडीवर घेऊन गेलो.

दुकानातल्या पोराने पंखा सरळ उपसला नाही. स्क्रू सोडून आधी डावी-उजवीकडे हळूहळू फिरवला. एएम४ मध्ये पेस्ट (प्रोसेसरची उष्णता पंख्याकडे नेणारा लेप) घट्ट धरून बसते, आणि पंखा ओढला तर लिव्हर बंद असूनही प्रोसेसर सॉकेटमधून उपटून येतो आणि पिना वाकतात. मी घरी पिना तपासताना पंखा सरळच ओढला होता. पेस्ट ताजी होती म्हणून निभावलं.

त्याने बायोस एका उडीत बदलला नाही. कंपनीच्या पानावर आधी मधली एक आवृत्ती टाका असं लिहिलं होतं, ती टाकली, मग शेवटची. यूपीएसवर, कारण भरताना लाइट गेली तर बोर्ड जातो. मग माझा प्रोसेसर परत, नवी पेस्ट, आणि पडद्यावर बायोसचं पान. सगळे मिळून ३०० घेतले. त्या पोराने जे काम केलं त्याला हे पैसे कमी आहेत.

१९ मे, रविवार

घरी जोडला, चालू झाला. पहिल्यांदा पडदा यायला जवळपास मिनिट लागलं. रॅमची तपासणी चालते तेव्हा घाबरून बटण दाबू नका.

विंडोज टाकलं. नंतर पाहिलं तर रॅम एकाच चॅनेलवर, म्हणजे एकाच वाटेवर. मी दोन्ही पट्ट्या शेजारी-शेजारी लावल्या होत्या. चार खाचा असतील तर प्रोसेसरपासून मोजून दुसरी आणि चौथी. हे ग्राफिक्स स्वतःची मेमरी नसल्याने रॅमच वापरतं, म्हणून त्याला दोन्ही वाटा उघड्या मिळायला हव्यात. बदलल्यावर मोठं ड्रॉइंग सरकवताना अडखळत होतं ते थांबलं. बायोसमध्ये एक्सएमपी (रॅम तिच्या पूर्ण वेगाने चालवणारी सेटिंग) चालू केलं, तोवर ३२०० च्या पट्ट्या २६६६ वर चालत होत्या. ग्राफिक्सला २ जीबी दिले, विंडोजला १३.९ उरतात.

२१ मे, मंगळवार

धाकटी म्हणाली, ‘दादा, पेटीला हात लावला की मुंग्या येतात.’ मी हात लावला, खरंच येतात. अनवाणी असताना जास्त.

याला संगणक बिघडला असं समजून भाग परत करायला निघू नका. चांगल्या एसएमपीएसमध्ये लाइटमधला गोंगाट अर्थिंगकडे सोडणारे छोटे कपॅसिटर असतात. अर्थिंग मेलेलं असलं की ती गळती पत्र्यावर साचते आणि आपल्या अंगातून जमिनीला जाते. वायरमन काकांना बोलावलं. त्यांनी मीटर लावला: फेज-न्यूट्रल २२८ व्होल्ट, न्यूट्रल-अर्थ ५८. हे दुसरं दोन-तीनच्या आसपास हवं. मागच्या अंगणात अर्थिंगच्या खड्ड्याशी गेले, मातीला भेगा पडलेल्या. ‘खड्डा कोल्ला पडना भाऊ, पानी टाक त्यामा.’ कोल्ला म्हणजे कोरडा.

खड्डा उकरून कोळसा आणि मीठ भरलं, तार घासून पुन्हा आवळली, पाच बादल्या पाणी. तासाभराने न्यूट्रल-अर्थ ३. पेटीला हात लावला, काही नाही. १,१०० रुपये. हे संगणकाच्या हिशेबात धरत नाही, ते घराला आधीच लागत होतं. इतकी वर्षं फ्रिज आणि वॉशिंग मशीन याच खड्ड्याच्या भरवशावर चाललं होतं, याचं मला वाईट वाटलं. उन्हाळाभर दर रविवारी दोन बादल्या ओतायचं काम आप्पांनी स्वतःकडे घेतलं आहे.

घरच्या इन्व्हर्टरवर मागे यूपीएस आणि साधा असा खटका आहे, तो यूपीएसवर केला. लाइट गेल्यावर संगणक बंद पडत नाही, म्हणून वेगळा यूपीएस घेतला नाही.

२५ मे, शनिवार

ऊन सोसवत नाही. दुपारी तीनला खोलीत ४१ अंश. नुसता चालू ठेवला तरी प्रोसेसर ५४ आणि जड काम दिलं की ८९. ५६००जी ची मर्यादा ९५. बंद पडला नाही, पण पंख्याचा आवाज खालपर्यंत येतो.

तीन गोष्टी केल्या. तोंडाच्या जाळीमागे एक पंखा आत हवा घेणारा लावला, ४५०. आलेल्या एक्स्टेंशनने आठ पिनांची वायर पाठीमागून नेली, पुढची वाट मोकळी झाली. आणि बायोसमध्ये प्रोसेसरची मर्यादा ६५ वरून ४५ वॅट केली. या शेवटच्याने सर्वांत जास्त फरक पडला: तेच काम, तीच खोली, ७६. ऑटोकॅडमध्ये धाकटीला वेगातला फरक जाणवला नाही.

पाण्याचा कूलर धाकटीच्या पाठीमागे आहे आणि त्याचा झोत सरळ संगणकाच्या तोंडावर जात होता. थंड वाटतं म्हणून मी आधी तसाच ठेवला होता. दोन दिवसांत जाळीवर ओलसर धूळ चिकटून लेप झाला. संगणक झोताबाहेर, जमिनीपासून फूटभर वर, भिंतीपासून वीतभर लांब ठेवला.

९ जून, रविवार

काल रात्री पाऊस झाला. हिशेब पुरा केला.

भाग आणि कीबोर्ड-माउस २५,१००. वापरलेला बोर्ड ३,२००. त्या बोर्डापायी पट्टी २००, बायोस ३००, बॅटरी ४०, कन्व्हर्टर ३५० आणि वाया गेलेला तुकडा १३०. वायरीचं एक्स्टेंशन ३८०, पंखा ४५०. तीन फेऱ्यांचं भाडं आणि चहा ६२०. एकूण ३०,७७०. विंडोजचा परवाना यात नाही. ऑटोकॅड विद्यार्थ्यांना फुकट मिळतं.

बोर्डाचं एकट्याचं गणित मांडलं. ३,२०० वर त्याच्यापायी गेलेले हे पट्टीपासून तुकड्यापर्यंतचे पैसे आणि तिसऱ्या फेरीचे दोनशे दहा धरले तर ४,४३० होतात. दुकानात पाहिलेल्या नव्या ए५२० वर व्हीजीए होतं, पट्टी होती, तीन वर्षांची वॉरंटी होती. म्हणजे ४७० रुपये वाचले, आणि अकरा मेला सुरू होऊन एका दिवसात संपलं असतं ते काम एकोणीसला संपलं. पुन्हा करायचं झालं तर बोर्ड नवाच घेईन. प्रोसेसर, एसएमपीएस आणि जाळीचं कॅबिनेट यांत काही बदलणार नाही.

सगळ्या भागांची नावं, बायोसची आवृत्ती, ४५ वॅटची नोंद आणि रॅम कुठल्या खाचांत आहे ते एका कागदावर लिहून कॅबिनेटच्या झाकणाला आतून चिकटवलं. धाकटीने खाली स्वतःच्या अक्षरात भर घातली: जाळी साफ, दर महिन्याच्या पहिल्या रविवारी.